लोकांची तोंडं वाचणारा श्रावण

श्रावण रामटेकेनं उभ्या जन्मात हजारावर सिनेमे दाखवले आणि धड एकही पाहिला नाही. थट्टा नाही करत. सिंदेवाहीच्या आसपास पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. 'व्हिडिओवाला श्रावण' म्हटलं की तो माणूस आधी हसतो आणि मग हातानं हवेत एक चौकोन काढून दाखवतो. तो चौकोन म्हणजे श्रावणचा रंगीत टीव्ही. बैलबंडीत भाताच्या तणसावर टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर ठेवून तो गावोगाव हिंडायचा. लोक टीव्हीकडे तोंड करून बसत आणि श्रावण टीव्हीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून. मशीन कधी फीत खाईल त्याचा नेम नाही म्हणून हात मशीनवर, आणि डोळ्यांना दुसरा धंदा नाही म्हणून डोळे माणसांवर.

पंधरा वर्षं असं बसल्यावर दगडसुद्धा काहीतरी शिकेल. श्रावण तोंडं वाचायला शिकला. रडणारा माणूस रडायच्या आधी आवंढा गिळतो. बाई पदर तोंडात धरते तेव्हा ती हसू दाबत असते, आणि पदर डोळ्याला लावते तेव्हा निम्म्या वेळा ते शेजारणीला दाखवण्यासाठी असतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला की समजावं, सिनेमा लागला. आणि ज्याला खरोखरच आत कुठंतरी लागतं, तो मान खाली घालतो आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसतो. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळत नाही. श्रावणला त्याचा तोरा होता, आणि खोटं कशाला बोला, तो तोरा शोभायचाही.

पुढं सीडी आल्या, मग मोबाईल आले, आणि टीव्ही बंडीतून उतरला तो उतरलाच. श्रावणनं सिंदेवाहीत छोटा स्टुडिओ टाकला. लग्नं, बारशी, साक्षगंध. आणि अधूनमधून ते दुसरं काम. आमच्याकडचा वाघ बाहेरगावचे लोक जिप्सीत बसून बघायला येतात, पण तो फक्त त्यांनाच दिसतो असं नाही. तो मोहाच्या झाडाखालीही येतो. कुणाला नेलं की पंचनामा होतो, पंचनाम्याला व्हिडिओ लागतो, आणि व्हिडिओला श्रावण. नवऱ्या मुलीचा चेहरा टिपणारा कॅमेरा घेऊन तो जंगलात जायचा, परत आला की अंगणातच आंघोळ करायचा, आणि त्या दिवशी जेवायचा नाही.

दोन हजार पंधराच्या मोहाच्या दिवसांत सोमारी मडावी गेली. पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेली होती. तिचा नवरा लालसू तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. इथली अर्धी गावं त्या दिवसांत तिकडं असतात. पोरगी दीपिका दहा वर्षांची, मागे घरी. शोधायला गेलेल्या माणसांनी दुरून पाहिलं आणि ते तिथूनच माघारी फिरले. जवळ गेले ते फॉरेस्टचे लोक आणि कॅमेरा घेतलेला श्रावण. दवाखान्यातून आलं ते बांधलेलं गाठोडं. लालसू तिसऱ्या दिवशी पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

तो सरळ श्रावणच्या दारात आला. बसला नाही, पाणी प्यायला नाही.

"भाऊ, तू पाह्यलास ना तिले?"

"पाह्यलो."

"कशी होती?"

श्रावणनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वाचायला त्यात अवघड काही नव्हतं. मिरचीनं हातांची आग झालेला एक माणूस, बायकोला एकटं सोडून गेलेला, आता फक्त एवढंच विचारत होता की मी पुढं जगू की नको. श्रावणची जीभ आपोआप वळली.

"एकच घाव होता, लालसू. मानेवर. तिले समजलंच नसंल. झोपल्यासारखी पडली होती बिचारी. तोंडाले काई नाई झालं. हात छातीवर होते."

त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. पण लालसूचे खांदे खाली आले, तो ओट्यावर बसला आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा ढसाढसा रडला. बापाच्या मागं आलेली दीपिका दाराची चौकट धरून उभी होती. तिनंही ऐकलं.

त्यांच्या गावची एक रीत आहे. वाघानं नेलेल्या माणसाच्या जागेवर वर्षाच्या वर्षाला घरचे लोक जातात, हिरवी फांदी ठेवतात, आणि ज्यानं त्या माणसाला शेवटचं जवळून पाहिलं त्यानं ते कसं होतं हे सगळ्यांपुढं सांगायचं. सांगितलं म्हणजे जीव त्या झाडाखाली अडकून राहत नाही, घरच्या देवांत येतो. श्रावण बुद्धविहारात जाणारा माणूस, आत्माबित्मा मानणारा नाही. पण लालसूचा निरोप आला की तो जायचा. दरवर्षी तेच सांगायचा: एकच घाव, मानेवर, समजलंच नाही. दरवर्षी त्याच जागी लालसूचे खांदे खाली यायचे. नऊ वर्षं एक माणूस एका खोट्यावर तगून होता, आणि ते खोटं सांभाळणं हे श्रावणचं काम होतं. एवढं एकच.

त्या पंचनाम्याच्या व्हिडिओची एक नक्कल त्यानं घरी ठेवली होती. का, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. केसरबाई, त्याची बायको, कपाट लावताना दरवेळी कावायची. "मेलेल्या माणसाचं असं घरात ठेवते का कोणी? पुसून टाका ना ते!" श्रावण हो म्हणायचा आणि पुसायचा नाही.

आता कुलदीप. हा चंद्रपूरचा पोरगा, शहरात जाऊन सिनेमा शिकून आला, दाढी वाढवून आला, आणि म्हणायला लागला की मी अंडरग्राउंड सिनेमे करतो. अरे बापा! आमच्या भागात हा शब्द नक्षल्यांचा, चारचौघांत उच्चारला तर चहावालासुद्धा उठून दुसऱ्या बाकावर बसतो. त्याचं म्हणणं एवढंच होतं की पाच-दहा मिनिटांचे सिनेमे, कुणाची परवानगी न घेता केलेले, कुठल्या थिएटरात न लागणारे, आणि लोकांना उलटी यावी असे. मूल गावाकडं जाणाऱ्या रोडवरच्या एका बंद राईस मिलमध्ये तो ते दाखवायचा. भरदुपारी, खिडक्यांना बारदाना ठोकून. निरोपानं बोलावलेली तीस-चाळीस माणसं: वकील, प्राध्यापक, कॉलेजची पोरंपोरी. आत धानाच्या कोंड्याचा वास अजून होता.

प्रोजेक्टर सांभाळायला त्यानं श्रावणला बोलावलं, आणि पहिल्याच दिवशी श्रावणचा खरा हुन्नर त्याच्या लक्षात आला. त्या दिवशीच्या सिनेमात कोरपन्याकडचा एक माणूस सिमेंटच्या धुळीनं मेलेल्या बापाची राख भातात कालवून जेवतो. दोन बाया उठून गेल्या, एका म्हाताऱ्या मास्तरानं मोठ्यानं शिवी हासडली. कुलदीप खूश. श्रावण म्हणाला, "शिवी देणारा बचावला, बाबू. राग आला की माणूस सुटते. त्या तिसऱ्या रांगेतल्या वकिलानं मान खाली घातली, त्याले लागला तुझा सिनेमा. तिसऱ्या मिनिटाले."

त्या दिवसापासून रीतच पडली. सिनेमा संपला की कुलदीप विचारायचा, "भाऊ, काय दिसलं?" आणि श्रावण सगळ्यांसमोर सांगायचा, कोण कुठं हललं, कोण कुठं थिजलं. शिकलेली माणसं अवाक होऊन ऐकत. साठीला टेकलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

घात तिथंच झाला. दोन हजार तेवीसच्या शेवटी कुलदीपनं वाघाचा सिनेमा केला. लाल रंग, फाटकं लुगडं, एक नटी कण्हत पडलेली. मिलमध्ये एकाचीही मान खाली गेली नाही. मागच्या रांगेत तर कुणीतरी फिसकन हसलं. कुलदीप पडेल तोंडानं मशीनजवळ येऊन बसला.

"कुठी चुकलं, भाऊ?"

"रंग दिसते ना, बाबू. खरं रक्त असं लाल नसते. काळं पडते. मुंग्या असतात. आन् माणूस असा कण्हत नाई पडत."

"तुमाले काय मालूम?"

इथं श्रावणनं गप्प बसायला पाहिजे होतं. पण विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती अशी. जन्मभर त्यानं दुसऱ्यांची चित्रं दाखवली. स्वतःच्या हातानं घेतलेलं, कुणालाही मान वर ठेवता येणार नाही असं एकच चित्र त्याच्याकडं होतं, आणि ते सरकारी माणसांशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. तो बोलून गेला. कुलदीप आठवडाभर घरी चकरा मारत राहिला. नागपूर-पुण्याकडंच दाखवीन, इकडं नाही, म्हणायचा. तोंड दिसणार नाही. नाव येणार नाही. शेवटी श्रावणनं कपाट उघडलं. केसरबाई चुलीपुढून एवढंच म्हणाली, "लालसूले इचारलं का?" त्यानं नक्कल काढून कुलदीपच्या हातात दिली.

पुढच्या फेब्रुवारीत नवा सिनेमा तयार झाला आणि कुलदीपनं तो आधी मिलमध्येच लावायचा ठरवला. इथल्या लोकांची तोंडं श्रावणनं वाचल्याशिवाय पुढं पाठवायचा नाही, म्हणाला. दिलेला शब्द कुठं गेला, ते श्रावणनं विचारलं नाही. आपल्यावाचून अडतं हे ऐकून तो मनातून सुखावला होता.

दुपारी दोनला लोक यायला लागले. कॉलेजच्या पोरींच्या घोळक्यात दीपिका मडावी आत आली. एकोणीस वर्षांची झाली होती, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. श्रावणला बघून तिचं तोंड उजळलं.

"काका! तुमी इथी?"

श्रावण मशीन सोडून तिच्या वाटेत उभा राहिला. "तू काऊन आली? हा सिनेमा तुमच्यासारख्यायचा नाई. घरी जा."

"हे चांगलं! पोरायनं पाहाचं आन् पोरीयनं घरी जाचं? तुमी बी तसेच निघाले, काका." ती हसतच दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

श्रावण कुलदीपला बाजूला घेऊन म्हणाला, आज नको लावू. का, ते मात्र सांगेना. सांगितलं असतं तर नऊ वर्षांचं खोटं उघडं करावं लागलं असतं. कुलदीप म्हणाला, लोक बसलेत भाऊ, आता काय. प्रोजेक्टरची वायर श्रावणच्या पायाशी होती. ओढली असती तर काम झालं असतं. तोंड तर दिसत नाही, बाई ओळखू कशी येणार, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि बटण दाबलं.

सिनेमा आठ मिनिटांचा. पहिली सहा मिनिटं एक बाई मोहफुलं वेचते, बाकी काही नाही. मग आवाज बंद होतो आणि श्रावणचं चित्र येतं. उपडी टोपली, विखुरलेली पिवळी फुलं, ओढत नेल्याचा माग, आणि मागाच्या टोकाला एक हात. कॅमेरा त्या हातावर बराच वेळ थांबतो. मुठीत उपटलेलं गवत, मुळांसकट. मनगटावर हिरव्या बांगड्या, वर गोंदलेला विंचू आणि तीन ठिपके.

श्रावण लोकांकडे तोंड करून बसला होता. पहिली रांग खाली गेली. वकिलाची मान खाली, प्राध्यापकांची खाली, पोरांची खाली. एकामागून एक सगळी मिल अंगठ्याकडे बघायला लागली. आयुष्यात असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. फक्त दुसऱ्या रांगेत एक तोंड वर होतं. दीपिका पुढं सरकून बसली होती. ती त्या हाताकडे बघत होती, तो विंचू बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. डोळ्यांत पाणी नव्हतं. लहान पोर हरवलेली वस्तू सापडल्यावर बघतं, तशी ती बघत होती.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. कुलदीप धावत आला. "भाऊ, काय दिसलं? सांगा यायले!" चाळीस माणसं वळून श्रावणकडे बघायला लागली. श्रावण उठला आणि बाहेर गेला.

दीपिका त्याच्या मागोमाग आली. मिलच्या मागं कोंड्याचा जुना ढीग होता, तिथं दोघं उभी राहिली.

"माय होती ना?"

"हो."

"मुठीत गवत कशाचं होतं, काका?"

श्रावण स्वतःच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

"जिती होती ना ती? ओढून नेलं तवा. धरून राह्यली होती ना?"

"हो पोरी."

"किती लांब?"

"चाळीस पावलं."

"मोजले होते?"

"पंचनाम्यात मोजतात."

ती खाली बसली आणि कोंडा मुठीत घेऊन सोडत राहिली. तिनं शिवी दिली असती तर श्रावणला बरं वाटलं असतं. मग ती उठली, ओढणी झटकली. "बाबाले सांगजा नको," एवढंच म्हणाली. "त्यायले तुमचंच सांगणं राहू द्या."

तिनं आत जाऊन कुलदीपला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तो पांढराफटक होऊन बाहेर आला. त्यानं सिनेमा पुसला. तिच्यासमोर पुसला, शपथ घेतली, रडलासुद्धा. पोरगा वाईट नव्हता. पण त्या दुपारी मिलमध्ये मोबाईल होते. माना खाली घातलेल्या माणसांतल्याच कुणीतरी, मान खाली घालण्याआधी, पडद्याचं वीस सेकंदांचं चित्रण करून घेतलं होतं. चार दिवसांत ते तालुक्याच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरलं. खाली हात जोडलेली चित्रं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. 'बापरे'. 'कोणत्या गावचं हाय?' 'फुल व्हिडिओ पाठवा'. श्रावण ओट्यावर बसून ते एकेक वाचत होता. ह्या माणसांची तोंडं त्याला दिसत नव्हती. दिसली नाहीत तेच बरं झालं. केसरबाईनं मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला आणि पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला.

लालसूकडं बटणाचा साधा फोन होता. दीपिकानं गावात एकेकाला हात जोडून सांगितलं, बाबाला दाखवू नका. गावानं मान डोलावली. गाव मान डोलावतं.

मार्चच्या शेवटी, मोह गळायला लागल्यावर, नेहमीसारखा निरोप आला. श्रावणला जायचं नव्हतं. पण न जाणं म्हणजे सगळं कबूल करणंच झालं असतं. तो गेला. झाडाखाली दहा-बारा माणसं बसली होती. वर्षानुवर्षांच्या फांद्यांचा कमरेएवढा ढीग साचला होता. लालसूनं हिरवी फांदी वर ठेवली आणि समोर येऊन मांडी घालून बसला. दीपिका त्याच्या बाजूला, नजर जमिनीवर.

श्रावणनं घसा साफ केला, पण लालसू आधी बोलला.

"भाऊ, एक सांगतो. मी पाह्यलो ते. बाजाराच्या दिवशी टपरीवर दाखवलं मले एकानं. त्याले मालूम नव्हतं ना, कोण हाये ती."

दीपिकानं तोंडावर हात घेतला. जवळच टपकन एक मोहफूल पडलं, मग दुसरं. श्रावणला वाटलं, आता हा उठेल, माझी गचांडी धरेल. धरावी, असं त्याला अगदी आतून वाटलं.

लालसू उठला नाही. "मी रागावलो नाई," तो म्हणाला. "तू सांग. दरवर्षी सांगतं तसं सांग. मले आयकाचं हाये."

"लालसू, मी..."

"सांग ना, भाऊ."

विनवणीच होती ती. मग श्रावणनं सांगितलं. सकाळची वेळ होती. ती झाडाखाली बसून वेचत होती. एकच घाव, मानेवर. तिले समजलंच नाई. झोपल्यासारखी पडली होती. तोंडाले काई नाई झालं. हात छातीवर होते. एकही शब्द त्यानं गाळला नाही, आवाज कापू दिला नाही. जन्मात कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

लालसू डोळे मिटून ऐकत होता. मानेवरच्या घावाशी त्याचे ओठ घट्ट झाले. झोपल्यासारखी म्हटल्यावर त्यानं जोर करून मान हलवली, हो हो म्हणाल्यासारखी. खांदे तसेच वर होते. हातांच्या गोष्टीशी त्यानं स्वतःच्या दोन्ही मुठी आवळल्या, आणि सांगून संपलं तरी त्या सुटल्या नाहीत. सगळे वाट बघत राहिले. मग त्यानं डोळे उघडले आणि श्रावणकडे बघून हळूच मान हलवली.

"नाई, भाऊ," तो म्हणाला. "आता नाई होत."

पोरीचा आधार घेऊन तो उठला आणि गावाच्या वाटेला लागला.

पुढच्या वर्षी मोह गळून संपला, पण श्रावणला निरोप आला नाही.